विषम तारखेची अंडी

पडदा वर जातो. घराचं मागचं अंगण, सकाळचा अर्धवट उजेड. डावीकडे गळका नळ आणि त्याच्याखाली उपडी घातलेली बादली. उजवीकडे स्वयंपाकघराची गजांची खिडकी. गजांमागे कोणीतरी उभं आहे, पण आपण उभे आहोत हे दिसू नये इतपत मागे. मधोमध खुराडं. आमच्या नाटक कंपनीचा राजवाडा मोडीत निघाला तेव्हा त्याच्या फळ्यांतून ते बनवलं होतं, त्यामुळे सात कोंबड्या रोज सोनेरी कमानीखालून दाणे टिपायला बाहेर पडतात.

प्रवेश झोतमास्तरांचा. वय बहात्तर. अंगात बनियन, पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला, हातात टोपली. टोपली रिकामी.

“सात जणी!” मास्तर ओरडले. “सात जणी मिळून काल काय दिवे लावलेत? परवा काय लावलेत? दाणा टाकला की चोची बरोबर चालतात! की घालता तुम्ही, आणि उचलतं दुसरंच कोणी? सांगा ना. घाबरता कशाला? घरातलंच माणूस आहे का?”

खिडकीमागे एक पातेलं ओट्यावर आपटलं.

“या पातेल्याला लाज कशी ती नाही,” आतून आवाज आला. “स्वतः गळतं आणि शेगडीच्या नावाने बोंब मारतं.”

मी भिंतीपलीकडच्या घरात राहते. माझ्या जिन्याच्या वळणावर उभं राहिलं की हे सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. तीस-बत्तीस वर्षं मी लोकांना तिकीट काढून रडवलं आणि हसवलं. म्हातारपणी मला हा प्रयोग फुकट, रोज, पहिल्या रांगेतून.

झोतमास्तर आमच्या कंपनीचे दिवेवाले. स्टेजवरचा प्रत्येक झोत त्यांच्या बोटांतून यायचा, म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या दिवशीही कोणी घेत नसे. खिडकीमागची ती त्यांची वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. घर वहिनींच्या नावावर, मागची एक खोली मास्तरांची. भाऊ गेल्यावर तेराव्या की चौदाव्या दिवशी त्याच्या हातातल्या घड्याळावरून दोघांचं वाजलं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी थेट बोलणं टाकलं. मास्तर कोंबड्यांशी बोलतात, वहिनी भांड्यांशी. दोघांनाही सगळं ऐकू जातं.

पहिल्या कोंबड्या भावाच्या, आताच्या सात जणी त्यांच्याच नाती-पणत्या. त्याच्यामागे त्यांच्यावरचा हक्क दोघांपैकी कोणी सोडेना. शेवटी मला मध्ये पडावं लागलं. मी तह करून दिला: विषम तारखेची अंडी वहिनींची, सम तारखेची मास्तरांची. तहावर माझा मोठा अभिमान होता. पहिल्या एकतीस तारखेला तो उतरला. एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम! म्हणजे वर्षातून सात वेळा वहिनींना लागोपाठ दोन दिवस अंडी. मास्तर भिंतीवरून मला म्हणाले, “राणीसरकार, जन्मभर दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं बोललात, तेच बरं होतं. स्वतःच्या डोक्याने एक वाक्य केलंत, तेही तिच्या बाजूचं!”

मी स्टेजवर राण्या करायचे, म्हणून राणीसरकार. हा मान नव्हे. मास्तरांच्या तोंडात ती शिवीच आहे.

माणूस पहिल्यापासून असाच. कोणाशी धड बोलला असेल तर शपथ. पण त्यांच्या हातात जे होतं ते पुन्हा कुठे बघायला मिळालं नाही. एका नाटकात मी संध्याकाळी माडीवर उभी राहून नवऱ्याची वाट बघत असे. प्रयोग दोनशेच्या वर झाले. मास्तरांनी मला दोनशेच्या वर संध्याकाळी दिल्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. कधी सूर्य पटकन बुडायचा, कधी रेंगाळायचा. एकदा आभाळ इतकं तांबडं केलं की मी माझं पुढचं वाक्यच विसरले. आमचे मालक कपाळाला हात लावायचे. “अहो मास्तर, ठरलंय ना एकदा? रोज तेच करा!”

“तेच करायला मी काय रस्त्यावरचा दिवा आहे?” मास्तर म्हणायचे.

एका प्रयोगाला मी ठरल्या जागेपासून दोन पावलं चुकले, तर ह्या गृहस्थांनी मला अंधारात मरू दिलं. झोत रिकाम्या खुर्चीवर, आणि मी कोपऱ्यात प्राण सोडतेय! आत आल्यावर मी चप्पल काढली होती. ते म्हणाले, “खुर्चीने काम बरं केलं.” अजून आठवलं की हात शिवशिवतात, आणि हसूही येतं.

कंपनी बंद पडल्यावर मास्तरांकडे बघायला कोणी उरलं नाही. मग ह्या सात जणी. त्यांना त्यांनी भूमिका वाटून दिल्या. तुरेवाली ती नायिका, मान टाकून चालणारी दासी, आणि सगळ्यांना टोचणारी काळी ती खलनायिका. खलनायिकेवर त्यांचा जीव. ती खांद्यावर येऊन बसली की मास्तर दहा मिनिटं कोणालाही शिवी देत नसत. मी घड्याळ लावून पाहिलंय.

तर या हिवाळ्यात, दिवस आखूड झाले तशी अंडी कमी झाली. पाचाची तीन, तिनाची दोन. मग एक दिवस शून्य, दुसऱ्या दिवशी चार, पुन्हा दोन दिवस शून्य. आणि नेमकी एका अठराला टोपली रिकामी, एकोणिसाला पाच अंडी!

त्या सकाळी मास्तर अंगणात नुसते फिरत होते.

“माझ्या दिवशी शून्य आणि तिच्या दिवशी पाच! यांना कॅलेंडर वाचता येतं का? कोणी शिकवलं? माझ्या दिवशी मी उठायच्या आत कोणाचा हात जातो खुराड्यात?”

“चाळणीताई,” आतून आवाज आला, “भोकं तुझ्यात आणि संशय माझ्यावर? ज्याच्या हातात खुराड्याची कडी त्याच्या पोटात अंडी. माझ्या दिवशीची रात्रीच उकडून खात असेल मेला.”

असं आठ दिवस चाललं. शेजारच्या शिंप्याने मशीन खिडकीजवळ आणून ठेवली. मी दोघांनाही सांगून पाहिलं की थंडीत कोंबड्या अशा करतात. मास्तर म्हणाले, “तुम्ही तिच्या.” वहिनी म्हणाल्या, “तू त्याची.”

मग कोणीतरी मास्तरांना सांगितलं, हिवाळ्यात कोंबड्यांना उजेड कमी पडतो, दिवा लावला तर अंडी वाढतात.

दिवा! हा शब्द त्या माणसाच्या कानावर किती वर्षांनी पडला असेल. खाटेखालची ट्रंक बाहेर आली. त्यात कंपनीचे तीन दिवे, रंगीत कागदांचा गठ्ठा आणि उजेड कमी-जास्त करायचा तो जुना डिमर, मोठ्या गोल मुठीचा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझ्या भिंतीवर खडे मारले. “राणीसरकार, या. बघायला तरी या. बोलू नका.”

मी शाल गुंडाळून जिन्यावर आले. मास्तरांनी मूठ फिरवली आणि खुराड्यात सकाळ झाली. आधी निळसर, मग करडी, मग त्या सोनेरी कमानीच्या कडेने कोवळं ऊन हळूच आत सरकलं. खरी सकाळ व्हायला अजून दोन तास होते. कोंबड्या दांडीवर माना वर करून बघत राहिल्या. माझे डोळे भरले. मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांबद्दल मी आजही स्वतःला दोष देते.

कारण टाळी मिळालेला कलावंत तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी धुक्यातली सकाळ केली, नऊ वाजेपर्यंत. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनलाच भर दुपार. चौथ्या दिवशी वादळाआधीची पिवळट संध्याकाळ, आणि मग एकदम काळोख! खलनायिका दांडीवरून खाली पडली. पाचव्या दिवशी बोटं दुखत होती म्हणून दिवा नाहीच.

आणि अंडी? होती तीही बंद झाली. सम नाही, विषम नाही. सलग बारा दिवस टोपली कोरडी.

आता मास्तरांची खात्रीच पटली. तीन दिवस ते खुराड्यामागे पोतं पांघरून दबा धरून बसले. चोर आला नाही, फक्त सर्दी आली. मग एका सकाळी त्यांच्या अंगणातल्या नळावर शिंपी, शिंप्याची बायको, मी, सगळे पाणी भरत असताना त्यांनी कोंबड्यांकडे तोंड करून बोलायचंही सोडलं. सरळ आम्हालाच म्हणाले, “तुम्ही साक्षीला राहा. ह्या घरात चोर आहे. पदर खोचून पहाटे उठतो आणि पदरातून नेतो.”

मागचं दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या. नऊ वर्षांत त्या अंगणात पाऊल टाकताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या दिवशीची टोपलीसुद्धा मास्तर उंबऱ्यावर आपटून जात.

ही बाई पस्तीस वर्षं शाळेत शिपाई होती. घंटा तिच्या हाताची. गावातली निम्मी घड्याळं त्या घंटेवर लावलेली असायची. ताप असो, घरात कोणी गेलेलं असो, साडेदहा म्हणजे साडेदहा. अजूनही पाचला उठते, सव्वापाचला चहा, आणि दुधाला निघायची वेळ कधी चुकत नाही. बारीक, ताठ, आणि रागावली की आवाज चढण्याऐवजी उतरतो.

“पस्तीस वर्षं शाळेच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या,” त्या मला म्हणाल्या, मास्तरांकडे न बघता. “खडूचा तुकडा घरी आणला नाही. आणि याची अंडी उचलीन? ऐक, सांग त्याला. एक तारखेपर्यंत या कोंबड्या सरळ झाल्या तर ठीक. नाहीतर दाण्याच्या दुकानवालीला बोलवून सगळ्या देऊन टाकणार. खुराडं सरपणाला. चोर म्हणवून घेत मी माझ्या घरात राहायची नाही.”

“सगळ्या?” शिंपी म्हणाला.

“काळीसकट.”

घर वहिनींचं, अंगण वहिनींचं. त्या म्हणतील ते करू शकत होत्या. त्या दिवशी मास्तर मुकाट खोलीत गेले. खलनायिका दारावर चोच मारत राहिली तेव्हा त्यांनी तिला आत घेतलं. पुढचे सहा दिवस मी त्यांचा आवाज ऐकला नाही. दिवे मात्र रोज लागत होते, आणि रोज नवे. बिचाऱ्यांनी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. एका पहाटे तर असा वसंत केला की मी जिन्यातच खाली बसले. टोपली रिकामी.

एक तारीख उजाडली. दुकानवाली दोन पिंजरे घेऊन आली. रुंद हातांची, कमी बोलणारी बाई. तिच्या दुकानात दाण्याबरोबर सल्लाही मिळतो, पण मागितला तरच. तिने पहिली कोंबडी उचलली ती नेमकी काळी. मास्तर खुराड्याला पाठ लावून उभे होते. वहिनी दारात, हाताची घडी घालून. मी आणि शिंपी भिंतीपाशी.

बाईने कोंबडी पिंजऱ्यात टाकली नाही. उलटी करून पाहिली. पंखाखाली फुंकर मारली. तुरा दाबला. मागच्या बाजूला दोन हाडांच्या मध्ये बोटं लावून पाहिली.

“ही अंड्यावर नाही,” ती म्हणाली. “खुडूकही नाही. खुडूक झाली की ठाण मांडून बसते, उठवली तर टोचते. ही पिसं टाकतेय.” तिने पायाने जमिनीवरची पिसं सारली. “बाकीच्याही टाकतायत. पिसं टाकताना अंडी बंद होतात. चोरी कोणी केलेली नाही. अंडं झालंच नाही, तर उचलणार काय?”

वहिनींनी घडी सोडली नाही. पण हनुवटी वर गेली.

मग बाईचं लक्ष वर गेलं. “हे काय? इथे कोणाचं लग्न आहे?”

मास्तरांना वाचा फुटली. एवढ्या दिवसांनी कोणीतरी दिव्यांबद्दल विचारलं होतं! त्यांनी तिला एकेक दिवा दाखवला, कागद दाखवले, धुकं, दुपार, वादळ, वसंत, सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिली.

“म्हणजे रोज वेगळा उजेड?”

“रोज वेगळा! ही काय गिरणी आहे?”

“आणि रोज वेगळ्या वेळी?”

“वसंत आणि धुकं एका वेळी कसे होतील?”

बाईने काळीला हळूच खाली सोडलं. “काका, कोंबडीला उजेड बघायचा नसतो, मोजायचा असतो. दिवस केवढा आहे तेवढंच तिला कळतं. आज तुम्ही पंधरा तासांचा दिवस केलात, उद्या दहाचा, परवा एकदम काळोख. तिला वाटलं, ऋतू फिरला. तिने अंडी थांबवली आणि पिसं बदलायला घेतली. पहिल्यांदा कमी झाली ती दिवस आखूड झाला म्हणून. ही बंद झाली ती तुम्ही केलीत.”

शिंपी हसला. मी त्याला कोपर मारलं. हसण्यासारखं काही नव्हतं. ह्या माणसाला एवढी एकच गोष्ट येत होती.

“उपाय?” मीच विचारलं.

“एक साधा पिवळा बल्ब. पहाटे पाचला लावायचा, ऊन आलं की बंद. ऊन गेलं की परत लावायचा, सातला बंद. रोज. दोन महिन्यांत पिसं येतील, मग अंडी येतील.” ती वहिनींकडे वळली. “पण आज एक तारीख. तुम्ही म्हणाल तसं. भरू पिंजरे?”

वहिनी काही बोलायच्या आत मास्तरच म्हणाले, “मी करीन. पाच ते सात. रोज तेच. साधा बल्ब. अगदी एकसारखं.” आणि बोलता बोलता त्यांचा डावा हात मागे खुराड्यावरच्या डिमरकडे गेला, मूठ किंचित फिरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठूनसा सोनेरी उजेड आला.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शेवटी त्यांनीही पाहिलं. हाताकडे असे बघत राहिले जणू तो दुसऱ्याचा होता.

“हा रोज तेच करणार?” वहिनी हळूच म्हणाल्या. “मग मी उद्यापासून तमाशात नाचते.”

दुकानवालीने पिंजऱ्याचं दार उघडलं. दासी, एरवी सगळ्यांच्या मागून जाणारी, आज आपणहून पहिली आत शिरली.

मास्तर खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. नाही. त्यांनी डिमरच्या तारा सोडवायला घेतल्या. एकेक करून तिन्ही दिवे उतरवले, कागदांचा गठ्ठा दोरीने बांधला, सगळं ट्रंकेत ठेवलं. गाठ तीनदा सुटली. कोणी मदतीला गेलं नाही, आणि त्यांनी जाऊही दिलं नसतं. मग खोलीतला एक साधा बल्ब आणून खुराड्यात टांगला. त्याची तार घेऊन अंगण ओलांडलं आणि गजांमधून स्वयंपाकघरात आत ढकलली. तीस वर्षांत त्यांनी आपल्या बटणाला मालकांचाही हात लागू दिला नव्हता.

तार ओट्यावर पडल्याचा आवाज झाला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

“आधी ते चोराचं,” त्या म्हणाल्या.

मास्तर खुराड्याकडे वळले. “ऐकलंत का गं, कोणी काही...”

“कोंबड्यांना नको. त्यांना कोणी चोर म्हटलं नव्हतं.”

शेवटी मास्तर दाराच्या पायरीशी आले. मान वर केली नाही.

“वहिनी, तुम्ही घेतली नाहीत.”

“नळावर म्हणाला होतात.”

मास्तरांनी दात खाल्ले. मग ते नळापाशी गेले, शिंप्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पूर्वी मालकांशी भांडायचे त्याच आवाजात ओरडले, “वहिनींनी अंडी घेतली नाहीत! मी गाढव आहे! झालं? शिंपी, तोंड मिट!”

वहिनी पायरी उतरून पिंजऱ्यापाशी आल्या. दासीला बाहेर काढलं, अगदी अनोळखी हातांनी, पायाला धरून. “दोन महिने,” त्या म्हणाल्या. “वर एक दिवस नाही. आणि मागच्या नऊ वर्षांतलं मी काही विसरलेली नाही.”

“मीही नाही,” मास्तर म्हणाले.

“पाच ते सात ना?”

मास्तरांनी मान डोलावली. वहिनी आत गेल्या, तार बोर्डात खोचली, खुराड्यात सपक पिवळा उजेड पडला. मास्तरांनी एकदाच वर पाहिलं आणि तोंड असं केलं, जणू कोणी त्यांना कडू काढा पाजला. खलनायिका त्यांच्या चपलेवर येऊन बसली होती. ते खिडकीशी गेले आणि गजांना धरून म्हणाले,

“बटण तुमच्या हातात. मी कितीही ओरडलो, थोडा कमी करा, थोडा तांबडा करा, पाया पडतो म्हणालो, तरी खिडकी लावून घ्या.”